मापाला नेलेली बॅग

बेवारस व्हायला फारसं काही करावं लागत नाही. मला आधी वाटायचं की त्यासाठी भूकंप, महापूर किंवा निदान इस्टेटीचं भांडण तरी लागत असेल. तसं काही नाही. दुसऱ्या एखाद्या बॅगेची चाकं नीट फिरतात की नाही, एवढं बघायला तुम्ही जरा बाजूला गेलात तरी पुरतं.

ताईला परदेशात नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं विमान होतं. तिची निळी बॅग भरून दाराशी उभी होती. ती बंद करताना आधी बाबा वर बसले, मग मी बसलो आणि शेवटी आई ‘मी नाही बाई बसत’ म्हणत बसली, तेव्हा कुठे चेन शेवटपर्यंत गेली. गेली, पण जाताना तिनं एक आवाज केला. डॉक्टर रिपोर्ट वाचता वाचता मध्येच ‘हं’ म्हणतात, तसा. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि कोणीच काही बोललं नाही.

बोलायला समोरच्या दारातले काका होते. त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. हा त्यांचा व्यवसाय नाही, स्वभाव आहे. सल्ला कोणी विचारत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे तो कायम भरपूर शिल्लक असतो.

काकांनी बॅगेला एक टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

“ही चेन विमानतळावर जाणार,” ते म्हणाले. “पट्ट्यावर उघडणार. सगळ्या जगासमोर.”

“मग नवी घ्यायची का?” आईनं विचारलं.

“नवी मुळीच नको. नवी बॅग म्हणजे अननुभवी बॅग. विमानतळाच्या मागच्या रस्त्याला बेवारस सामानाचं दुकान आहे. प्रवाशांच्या हरवलेल्या बॅगा, ज्या न्यायला कोणी आलं नाही, त्या तिथे विकतात. त्यातली घ्या. जी बॅग फेकली गेली, आपटली गेली, भलत्याच देशात जाऊन परत आली आणि तरी फुटली नाही, तिच्यासारखी दणकट बॅग तुम्हाला कुठल्या दुकानात मिळणार?”

बाबांना हे एकदम पटलं. काकांच्या बोलण्यात ‘स्वस्त’ हा शब्द कुठेही नव्हता, पण बाबांना तो ऐकू आला होता.

“जरा जाऊन ये,” आई मला म्हणाली.

आमच्या घरात मला दिलेलं प्रत्येक काम ‘जरा’नं सुरू होतं. जरा दळण आण, जरा गॅसवाल्याला थांबव, जरा आयुष्याचा विचार कर. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंचा तर बरेच दिवस ‘जरा’ हे माझं नावच आहे असा समज होता.

आता आमच्या घराची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्याकडे कुठलीही वस्तू आणायची तर जुनी वस्तू मापाला न्यायची. नळाचा वॉशर आणायचा तर जुना वॉशर खिशात. चादरीला जुळणारा अभ्रा आणायचा तर चादर पिशवीत. एकदा कपाटाला कडी बसवायची होती, तर बाबा आणि मी कपाटाचं दार घेऊन बाजारात गेलो होतो. दुकानदाराला वाटलं आम्ही दार विकायला आलोय. त्यानं भाव पाडून सांगितला आणि बाबा क्षणभर विचारात पडले होते, हे मी स्वतः बघितलंय.

तेव्हा निळी बॅग मापाला जाणार हे न बोलता ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता की भरलेली न्यायची की रिकामी.

“रिकामीच नेतात,” ताई म्हणाली.

“उघडली आणि परत लागली नाही तर?” आई म्हणाली.

सगळ्यांना तो आवाज आठवला. बॅग भरलेलीच न्यायची ठरली. दुसरी पसंत पडली की सामान तिथल्या तिथे हलवायचं आणि जुनी तिथेच सोडून यायचं, असा पुढचा बेत काकांनी आखून दिला.

ताईनं मला दाराशी गाठलं. ती हिशेब तपासणारी बाई आहे, नोकरीनंही आणि जन्मानंही. बॅगेतली एकेक वस्तू तिनं काट्यावर तोलून आत ठेवली होती.

“आत माझे सगळे मूळ दाखले आहेत,” ती म्हणाली. “ते समोर ठेवल्याशिवाय तिकडे मला कामावर घेणार नाहीत. बॅग नजरेआड करायची नाही.”

“मला काय एवढं कळत नाही का?”

“मी प्रश्न विचारलेला नाही,” ताई म्हणाली.

मी मुकाट्यानं बसस्टॉपवर गेलो. बसमध्ये बॅग उभी राहिली आणि मीही.

दुकान म्हणजे एक लांबलचक गोदाम होतं. वर ट्यूबलाइट आणि खाली जगभरचा विसरभोळेपणा मांडून ठेवलेला. एका टोपलीत नुसते चष्मे, शेजारच्या टोपलीत नुसती चष्म्यांची घरं. पोहण्याच्या चड्ड्यांच्या शेजारी लोकरी हातमोजे. दोन्ही एकाच माणसाचे असतील तर त्यानं सुट्टी नक्की कुठे काढली होती, कळायला मार्ग नाही. कोपऱ्यात कुबड्यांची एक जोडी होती. म्हणजे कोणीतरी विमानात चढताना लंगडत होतं आणि उतरताना त्याला घाई झाली होती.

दारातल्या रखवालदारानं मला अडवलं.

“बॅग विकायला आणली का?”

“नाही. घ्यायला आलोय.”

“मग ही कशाला?”

“मापाला.”

हे उत्तर त्याला नवीन असावं. त्यानं ते मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं आणि मला आत सोडलं.

मोठ्या बॅगांची रांग भिंतीशी होती. मला एक काळी बॅग आवडली. आमची निळी मी तिच्या शेजारी उभी केली. उंची जुळली, रुंदी जुळली, पोट तर काळीचं थोडं मोठंच होतं. मी काकांना फोन केला.

“चाकं बघ,” काका म्हणाले. “बॅगेचं सगळं चाकांत असतं. डावीकडे वळव, उजवीकडे वळव. आणि उतारावर सोडून बघ.”

उतार गोदामाच्या पार मागच्या टोकाला होता, ढकलगाड्या चढवायला केलेला. मी काळी बॅग घेऊन डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो आणि तिला उतारावर सोडलं. ती इतकी सुंदर गेली की मी तिला पुन्हा एकदा सोडलं. हे दुसऱ्यांदा सोडणं मला नडलं, असं पुढे ताईचं मत पडलं. मी परत आलो तेव्हा भिंतीशी निळी बॅग नव्हती.

ती थोडी पुढे एका लोखंडी गाडीवर चढलेली होती. हातात लेबलं चिकटवायचं यंत्र घेतलेल्या एक बाई तिच्या पोटावर लेबल चिकटवत होत्या. लेबलावर लिहिलं होतं: ‘बेवारस. मोठी. निळी. बंद.’

“ही माझी आहे,” मी म्हणालो.

“हो का,” बाई म्हणाल्या आणि यंत्र पुढच्या बॅगेवर टेकवलं.

“अहो खरंच. मी आत्ता आणली.”

“दाव्याची खिडकी त्या तिकडे. मी फक्त चिकटवते.”

खिडकीत एक साहेब बसले होते. त्या खिडकीवर कित्येक महिन्यांत कोणी आलं नसावं, कारण मला बघून त्यांनी आधी काच पुसली, मग चष्मा पुसला आणि मग मला बसायला सांगितलं. खुर्ची नव्हती. मी उभाच राहिलो, पण बसल्यासारखा.

“बोर्डिंग पास?” साहेब म्हणाले.

“तो नाहीये. ही बॅग अजून विमानात बसलेलीच नाही.”

“मग इथे कशी आली?”

“बसनं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “इथे येणारी प्रत्येक बॅग विमानातून येते.”

“ही बसनं आली. मी तिकीट काढलं होतं.”

“बॅगेचं?”

“माझं.”

“म्हणजे बॅगेचा प्रवासाचा काहीच पुरावा नाही,” साहेब हळहळले. “बरं, लेबल लागलं तेव्हा तुम्ही तिच्याजवळ होतात?”

“मी दुसऱ्या बॅगेची चाकं बघायला गेलो होतो.”

“सोडून गेलात.”

“बघायला गेलो.”

“सगळे असंच म्हणतात,” साहेब म्हणाले. “जिच्याजवळ माणूस नाही ती बेवारस. आमच्याकडे एवढीच व्याख्या आहे.”

मी माघार घेतली. म्हटलं, ठीक आहे, वाद नको, मी ती विकत घेतो.

“आता नाही घेता येणार. तुम्ही ती तुमची आहे असं म्हणालात. दावा लागलेली वस्तू आम्ही विकत नाही.”

“मग दावा सोडतो.”

“दावा सोडलात म्हणजे खोटा दावा केलात. मग तुम्हाला वस्तू विकत नाहीत.”

मी मागे वळून बघितलं. काळी बॅग एका बाईंनी घेतली होती. चाकं छान आहेत, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. उलट माझ्या बॅगेमुळे त्यांना किती आनंद झालाय हे लपवणं त्यांना जड जात होतं. त्यांनी मला तिसरा मार्ग सांगितला. आतल्या वस्तू तोंडी सांगायच्या, ते बघत जाणार. सगळ्या जुळल्या तर बॅग माझी. पण एखादी जरी वस्तू मालकाशिवाय उरली, तर ती बेवारस वस्तू. आणि बेवारस वस्तू पोटात असलेली बॅग त्यांना बाहेर सोडता येत नाही. सहा वाजता शटर पडणार आणि उद्यापासून मोजणीसाठी दुकान आठवडाभर बंद.

“सांगा,” साहेब म्हणाले.

“कपडे,” मी म्हणालो.

“सगळ्यांच्याच बॅगेत कपडे असतात. कुठले?”

“बायकांचे.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग बॅगेकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

मी ताईला फोन केला. आधी हवापाण्याबद्दल बोललो. ती म्हणाली, “बॅग कुठे आहे?” मी म्हणालो, “समोरच आहे.” हे खरं होतं. मग बाकीचंही सांगितलं. तिनं फोन ठेवला आणि ती कुठे निघालीये हे मला बरोबर कळलं.

ती एकटी येईल असं वाटलं होतं. एका रिक्षातून ताई, आई, बाबा उतरले. दुसरीतून सल्लागार काका आणि काकू. काकूंनी ठेवणीतली पर्स घेतली होती.

ताईनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती सरळ खिडकीशी गेली, हातांची घडी घातली आणि म्हणाली, “उघडा. सांगते.”

साहेबांनी चेन ओढली. तोच आवाज आला, फक्त या वेळी उलट्या दिशेनं. झाकण त्यांनी अर्धवटच उचललं, पत्ते खेळताना हातातली पानं धरतात तसं, फक्त स्वतःला दिसेल एवढं.

“वरच्या थरात चार स्वेटर,” ताई म्हणाली.

“कुकर,” साहेब म्हणाले.

“स्वेटर.”

“कुकर आहे, बाई.”

“माझ्या बॅगेत कुकर नाहीये. मी तो स्वतः बाहेर काढून ओट्याखाली ठेवलाय.”

आई एकदम समोरच्या टोपलीतल्या छत्र्या फार बारकाईनं बघू लागली.

“आई,” ताई म्हणाली.

“छोटाच आहे गं.”

“मी काट्यावर ठेवून बघितला होता. बसत नव्हता.”

“काट्याला काय कळतंय?” आई म्हणाली. “दोन स्वेटर काढले की बसला. थंडी काय, चार दिवस असते. भूक रोज लागते.”

साहेबांनी घसा साफ केला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण गंभीर झालं होतं. आधी एका मुलानं बायकांच्या कपड्यांवर दावा केला. मग मालकीण म्हणवणाऱ्या बाईंना स्वतःच्या बॅगेतला कुकर मान्य नाही. एका बॅगेत दोघांचं सामान निघालं की ती बॅग संशयित.

“आत माझ्या नावाच्या दाखल्यांची फाइल आहे,” ताई म्हणाली. “ती बघा आणि विषय संपवा.”

“फाइल तुमची असेल. पण कुकर तुमचा नाही हे आत्ता तुम्हीच म्हणालात. मग तुमची फाइल दुसऱ्या कोणाच्या बॅगेत गेलेली असू शकते. कुकरवाल्याच्या.”

“कुकरवाली मी आहे,” आई पुढे झाली. “मी सांगते. कुकर. कुकरच्या आत डबा. डब्यात शिट्टी. शिट्टीला दोरा बांधलाय आणि दोऱ्याचं दुसरं टोक डब्याच्या कडीला. शिट्ट्या हरवतात.”

साहेबांनी कुकर उघडला. “शिट्टी आहे,” ते म्हणाले. “दोरा आहे.” त्यांचा आवाज जरा बदलला होता. त्यांच्या घरीही शिट्ट्या हरवत असाव्यात.

“त्याच्या खाली स्वेटर. निळ्या स्वेटरच्या बाहीत सांडशी.”

“कुठल्या बाहीत?”

“डाव्या. उजव्या बाहीत गाळणी.”

“गाळणी आहे. चाळणीपण आहे.”

“ती पिठाची.”

आजूबाजूची गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू टाकून जवळ येऊ लागली. एकानं कुकरचा भाव विचारला. साहेबांनी त्याला मागे सरायला सांगितलं, पण त्यात राग नव्हता. त्यांच्या खिडकीवर गर्दी हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितलं होतं.

“पिवळी रस्सी,” साहेब म्हणाले. “गुंडाळी.”

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी पाठ सरळ केली.

“माझी. दहा मीटर. कपडे वाळत घालायला.”

“बाबा, तिथे वाळवायचं यंत्र असतं,” ताई म्हणाली.

“यंत्र बंद पडतं. रस्सी कधी बंद पडलेली मी बघितली नाही. रस्सीखाली टेस्टर आहे, साहेब, आणि एक्स्टेंशनचा बोर्ड.”

“बाबा, तिथले प्लग वेगळे असतात. तो बोर्ड बसणारच नाही.”

“म्हणून तर पक्कड दिलीय,” बाबा म्हणाले.

मला हळूहळू परिस्थितीचा अंदाज येऊ लागला. ताईनं बॅग मोठ्या शिस्तीनं भरली होती. मग ती केस कापायला बाहेर गेली आणि त्या वेळात बॅगेशी इतकी वर्दळ झाली की आमच्या गल्लीत तेवढी कधी होत नाही. प्रत्येकानं आपापली वस्तू आत घुसवली होती, जागा करायला थोडंसं काहीतरी बाहेर काढलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे पाप आपण एकट्यानंच केलंय. आत नक्की काय आहे हे पूर्णपणे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना मिळून मात्र ठाऊक होतं.

“वजनकाटा,” साहेब म्हणाले. “हाताचा, आकड्याचा.”

“तो माझा,” सल्लागार काका म्हणाले. “सुट्टीला परत येताना बॅग किती भरली हे कळायला नको?”

“काका, पण त्या काट्याचंच वजन केवढं आहे,” ताई म्हणाली.

“ते वजा करायचं.”

“पार्सल,” साहेब म्हणाले. “खाकी कागद. चिकटपट्टी.” जरा थांबून म्हणाले, “खूपच चिकटपट्टी.”

काकूंनी पर्स छातीशी धरली. “माझ्या भाच्यासाठी आहे. तोही तिकडेच असतो ना. एवढंसं तर आहे. म्हटलं, तिला कळणारसुद्धा नाही.”

“काकू, तुमचा भाचा दुसऱ्या टोकाला राहतो,” ताई म्हणाली. “मी नकाशात बघितलंय.”

“तसं काही फार लांब नाही. विमानानं चार तास.”

“आत काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“ते मी कशी सांगू? त्याच्या आईनं बांधून दिलंय.”

त्याच्या आईला फोन लागला. काकूंना फोनचा आवाज लहान करता येत नाही, त्यामुळे सगळ्या गोदामानं ऐकलं की आत बनियन आहेत, सहा, बिनबाह्यांचे, कारण तिकडचे त्याला टोचतात. साहेबांनी पार्सल दाबून बघितलं आणि मान हलवली. गर्दीतल्या एका गृहस्थांनीही समजूतदारपणे मान हलवली. त्यांनाही टोचत असावेत.

ताई आता कोणावरच चिडत नव्हती. ती फक्त एकेक नाव ऐकत होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, वजनांची बेरीज करतेय. तिचं स्वतःचं सामानही मधूनमधून निघत होतं, दोन कोट, ऑफिसचे बूट, आणि प्रत्येक वेळी ती ‘माझं’ असं जरा आश्चर्यानंच म्हणत होती. शेवटी आईच्या एका जुन्या मऊ चादरीत गुंडाळलेली दाखल्यांची फाइल वर आली. साहेबांनी नाव वाचलं, फोटो आणि ताई ताडून बघितले आणि फाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आईनं डोळे मिटून श्वास सोडला. काका म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं?” त्यांनी काय म्हटलं होतं हे कोणी विचारलं नाही. शटरवाला दारात लोखंडी आकडा घेऊन उभा राहिला होता.

“एक राहिलं,” साहेब म्हणाले.

सगळे थांबले.

“तळाला आहे. खेळायच्या बुटात. काळं, लांबट. बटणं आहेत.”

“टेस्टर असेल,” बाबा म्हणाले.

“टेस्टर झाला.”

आईनं काकूंकडे बघितलं, काकूंनी काकांकडे. काका म्हणाले की त्यांनी काटा सोडून काही ठेवलेलं नाही, आणि पहिल्यांदाच त्यांचं बोलणं एका वाक्यात संपलं. ताई म्हणाली, “माझं नाही. बूट मी रिकामे ठेवले होते.”

“कोणाचंच नाही?” साहेबांनी विचारलं. ते खरोखर दुःखी झाले होते. “बघा बुवा. नाहीतर मला हे सगळं परत आत ठेवून सील करावं लागेल. फाइलसकट.”

शटर अर्ध्यावर आलं. साहेबांनी कठड्यावरच्या फाइलला हात घातला. ताईनं तिचं दुसरं टोक धरलं होतं. ती ओढत नव्हती, पण सोडतही नव्हती.

मी छताकडे बघत होतो. घरात मी विनोदी माणूस म्हणून ओळखला जातो. ही ओळख मी बऱ्याच मेहनतीनं कमावलीय आणि ती असली की बाकी फार काही बोलावं लागत नाही. मला वाटलं होतं, ती वस्तू ताईला तिकडे पोचल्यावर सापडेल, म्हणजे मधे दोन समुद्र असतील आणि माझा चेहरा तिला दिसणार नाही. इथे सगळं घर होतं, काकू होत्या, आणि कुकरचा भाव विचारणारा माणूस तर अगदी पुढे येऊन उभा होता.

“टीव्हीचा रिमोट आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी दोन्ही बुटांकडे बघितलं.

“उजव्या बुटात. मी ठेवलाय.”

साहेबांनी तो बाहेर काढून ट्यूबलाइटखाली धरला. “मागचं झाकण रबरानं बांधलंय,” त्यांनी नोंदवलं.

“ते ताईनं तोडलं होतं.”

“तू ओढलास म्हणून,” ताई म्हणाली.

“दोन दिवस,” बाबा म्हणाले, “मी दोन दिवस सोफ्याखाली आडवा होऊन शोधतोय.”

साहेब रिमोट उलटसुलट करून बघत होते. नियमात नसलेला प्रश्न विचारायचा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलाच. “पण हा तिथल्या टीव्हीला चालणार नाही. मग दिलात कशाला?”

“चालवायला नाही दिला,” मी म्हणालो. पुढे काहीतरी गमतीदार बोलायचं होतं. ते आलं नाही. “तिला पहिल्यापासून हवा असायचा. म्हटलं, जाऊ दे. घे.”

आई छत्र्यांच्या टोपलीकडे वळली. या वेळी तिला छत्र्या दिसत नसाव्यात.

ताईनं मला नीट बघून घेतलं. “सेल?” ती म्हणाली.

“काढून घेतलेत. भिंतीवरच्या घड्याळाला लागतात.”

“नालायक,” ताई म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली. तिचा आवाज हिशेब तपासतानाचा होता, फक्त मध्येच जरा चिरकला. “वस्तू माझी आहे. लिहून घ्या.”

साहेबांनी लिहून घेतलं आणि शिक्का मारला, दोनदा, पहिला उमटूनसुद्धा.

बॅग परत लागली नाही हे सांगायला नकोच. बाबा बसले, मी बसलो, साहेबांनी स्वतः बसून बघितलं. चेननं एकदाच आवाज केला आणि ती आम्हाला सोडून गेली. मग बाबांनी साहेबांची रीतसर परवानगी घेऊन पिवळी रस्सी बाहेर काढली आणि बॅगेला असे काही वेढे दिले की रखवालदारानं दारात आम्हाला विचारलं, आत जिवंत काही आहे का. संपूर्ण वाटेत बाबा एक शब्द बोलले नाहीत. माणूस इतका बरोबर ठरला की त्याला बोलायची गरज उरत नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर वजन जास्त भरलं. ताईनं काकांचा काटा काकांना परत दिला, दोन्ही स्वेटर आणि एक कोट अंगावर चढवला आणि भर उन्हाळ्यात घाम पुसत, हात हलवत आत गेली. कुकर तिनं काढला नाही. आईनं तो काढायला सांगितला होता, चक्क दोनदा. ताईला ऐकू आलं नाही म्हणे.

आता आमच्याकडे चॅनेल बदलायचा तर बाबांना उठावं लागतं. त्यामुळे टीव्हीवर जे लागलेलं असेल ते आम्ही शेवटपर्यंत बघतो. परवा आम्ही तिघांनी मिळून दुधाळ जनावरांच्या निगेवर एक संपूर्ण कार्यक्रम बघितला आणि आईनं मधे दोन प्रश्नही विचारले.

ताईचा फोन रविवारी येतो. आईचं झालं की बाबा, बाबांचं झालं की मी. कुकर रोज लागतो, हे तिनं आईला नाही, मला सांगितलं. भाच्यानं बनियन येऊन नेले. म्हणाली, बिचारा विमानानं आला होता.

“आणि रिमोट?” मी विचारलं.

“टेबलावर आहे. इथला टीव्हीचा वेगळा आहे, तो बाजूला ठेवलाय. हा समोर असतो.”

“मग मजा आहे तुझी.”

“कसली डोंबलाची,” ताई म्हणाली. “दिवसभर तिथेच असतो. कोणी ओढून घेत नाही.”